निऱ्या सोडून चालताना

माझे अक्षर वाकडे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, त्याबद्दल आधीच माफ कर. चौथीनंतर हातात पेन फारसे आलेच नाही. पण सुमन, अपंगांची पेन्शन मिळवायला मी कुठे कुठे फिरले, हे तू गावाहून सारखे विचारतेस, म्हणून तुझ्यापुरते लिहिते.

घोडपदेवहून सकाळीच निघालो, मी आणि वहिनी. बसची पायरी मला चढवत नाही, म्हणून टॅक्सी. पैसे वहिनीचे, गणपतीला गावी जाण्यासाठी साठवलेले. वाटेत गिरणीची जुनी चिमणी दिसली. भोवतीच्या काचेच्या इमारतींमुळे ती आता ठेंगणी वाटते.

"पेन्शन मिळाली की आधी तुझे देईन," मी म्हणाले.

"आधी मिळू तर दे," वहिनी म्हणाली.

परळच्या सरकारी इस्पितळात तपासणी होती. निदान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला तरच पेन्शन. बाकावर शेजारी कुबडी घेतलेला एक माणूस होता. "मावशी, पेशंट कोण?" त्याने विचारले. माझा पाय त्याच्या लक्षातच आला नव्हता. मला बरे वाटले.

आईची शिकवण तुला ठाऊक आहे, चारचौघांत लंगडायचे नाही. निऱ्या सावरल्यासारखे करून मी हाताने मांडी दाबते, म्हणजे पोलिओच्या पायाचा गुडघा मोडत नाही. लोकांना वाटते, बाई साडी सांभाळते. डॉक्टरांपुढेही मी तशीच चालले, इस्त्रीची साडी नेसून.

"बऱ्या चालता की," ते म्हणाले. कागदावर पस्तीस टक्के लिहिले.

बाहेर येताच वहिनी भडकली. "गो बाय, हंय तरी लंगड! (अगं बाई, इथे तरी लंगड!) परीक्षेक बसलंस काय?"

कँटीनमध्ये बटाटावडा घेतला. मी तो वहिनीपुढे सरकवला.

फेरतपासणीचा अर्ज केला. पुन्हा टॅक्सी, पुन्हा तोच बाक. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. मी चालू लागले आणि सवयीने हात निऱ्यांकडे गेला.

"ताई, तो हात काय करतोय?"

मी हात बाजूला घेतला.

"दोन्ही हात खांद्यावर ठेवा. आता चाला."

दार उघडे होते. बाहेरची सगळी रांग बघत होती. दुसऱ्याच पावलाला गुडघा मोडला आणि मी फरशीवर आले. बाईंनी उठवले, "लागलं का?" म्हणाल्या. लागले नव्हते, पण रडू आवरेना. वहिनीने पदराने माझे तोंड पुसले. दाखल्यावर पंचावन्न टक्के आले.

तो घेऊन ठाकूरद्वारच्या पुढच्या एका सरकारी कचेरीत गेलो.

"नवरा काय करतो?" कारकुनाने विचारले.

वहिनीच म्हणाली, "नवरा असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो, भाऊ?"

तो हसला आणि शिक्का मारला. परतताना दोघींत एक पियूष (श्रीखंडाचे पातळ, गोड पेय) घेतले.

पेन्शन सुरू व्हायला इतका वेळ गेला की गणपती आले आणि गेलेही. वहिनी गावी आली नाही, ते या टॅक्सीपायी. तिने एकदाही बोलून दाखवले नाही. मग खात्यात पैसे येऊ लागले, तसे मी दर महिन्याला थोडे थोडे तिला देत गेले. भावाच्या घरात इतकी वर्षे जेवले, पण कोणाच्या हातावर पैसे ठेवायची वेळ पहिल्यांदाच आली.

काल शेवटचे दिले. ती "राहू दे गो" म्हणेल अशी मला भीती होती. ती म्हणाली नाही. तिने नोटा मोजल्या, डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, "फिटले सगळे."