सेल्फवर नाव घालणारी आत्या

माझ्या आत्याने मला मेकॅनिकलला घातलं ते एका माणसाचा सूड घ्यायला.

आज पहाटे अंबाजोगाईच्या दवाखान्यात आत्या शिवैक्य झाली. दुपारी सिरसाळ्यात माती झाली.

फोटो टाकत नाही, तिला आवडत नसत. जे घडलं ते नीट लिहिते.

आत्याचं भांड्यांचं दुकान. तिचे मालक, विश्वनाथअप्पा, पिकअपमध्ये भांडी भरून आठवडी बाजार करायचे. अप्पा अचानक गेले. दुकान आणि पिकअप, दोन्ही आत्यावर आलं.

महिन्याभरात गाडी बंद पडली. ड्रायव्हरने ती रोडवरच्या नेहमीच्या गॅरेजात लावली. बाईमाणसाने गॅरेजात उभं राहायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आत्या समोरच्या खताच्या दुकानात जाऊन बसली.

तिथून बोनेट दिसत नव्हतं.

संध्याकाळी मिस्त्री म्हणाला, "काकू, इंजिन गेलतं. पूर्ण खोलून केलंय." आत्याने पाटल्या मोडून बिल दिलं.

दोन महिन्यांनी परळीच्या एका मिस्त्रीने बोनेट उघडलं. बोल्टवरचा कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. त्याने हसून सांगितलं, "काकू, हे इंजिन आजवर कुणी खोललेलंच न्हाई."

आत्या परत त्या गॅरेजात गेली. या वेळी आत जाऊन उभी राहिली. चार गिऱ्हाइकांसमोर तिथला मिस्त्री म्हणाला,

"काकू, तुमाला काय कळतंय त्यातलं? अप्पा असते तर गोष्ट येगळी होती."

पैशाचं ती विसरली असती. हे वाक्य नाही विसरली.

त्याच वर्षी माझी दहावी झाली. घरात सगळ्यांचं ठरलं होतं, डी.एड. नाहीतर नर्सिंग. आत्याने माझ्या वडिलांना सांगितलं,

"हिला मेकॅनिकलला घाल. फी मी भरते."

"अगं अक्का, पोरीच्या जातीला मेकॅनिकल?"

"पोरीच्या जातीलाच."

मी डिप्लोमा केला. वर्कशॉपमध्ये पोरं आधी हसली. नंतर जर्नल मागायला आली.

दर सुट्टीत आत्याचा एकच प्रश्न. "झालं का शिकून?"

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मी म्हणाले, "झालं."

दुकानामागच्या अंगणात मी पिकअपचा सेल्फ उतरवला. गाडी स्टार्ट करणारी मोटर म्हणजे सेल्फ. साफ केला, तपासला. उत्तम होता.

आत्याने भांड्यांवर नाव घालायचं मशीन आणलं. टर्र टर्र करत ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं. लग्नाच्या हंड्यांवर घालायची तसंच, वळणदार अक्षरात.

वर मी ग्रीस आणि माती चोपडली. सेल्फ परत बसवला. मग बॅटरीची अर्थ वायर सैल केली. बास, एवढाच फॉल्ट.

गाडी स्टार्ट होईना. बाजाराच्या दिवशी ढकलत त्याच गॅरेजात नेली. आत्या पुन्हा खताच्या दुकानात बसली. मी तिच्या शेजारी, डोक्यावरून ओढणी घेऊन.

दोन तासांनी त्याने हाक मारली. गाडी एका चावीत चालू झाली. वर्तमानपत्रावर एक जळका सेल्फ ठेवला होता.

"काकू, हा बघा तुमचा जुना. पार जळालता. नवा टाकलाय, कंपनीचा."

"हा माजा?"

"तुमचाच की."

"नक्की?"

"अप्पांची शपथ."

ही शपथ त्याने घ्यायला नको होती.

मी ओढणी कमरेला बांधली. त्याच्याच पेटीतून पाने घेतले. तो म्हणाला, "ओ ताई, हात काळे व्हतील." मी आधी बॅटरी सोडवली, मग सेल्फच्या वायरी, मग बोल्ट. वीस मिनिटं लागली. तोपर्यंत बाजाराला आलेले आठ-दहा पिकअपवाले गोळा झाले होते.

सेल्फ मी वर्तमानपत्रावर ठेवला, जळक्याच्या शेजारी. डिझेलच्या फडक्याने पुसला.

आत्याने एका ड्रायव्हरला पुढे बोलावलं. "वाच. मोठ्यानं वाच."

त्याने वाचलं. "कै. विश्वनाथअप्पा यांच्या स्मरणार्थ."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"आमचे मालक तुज्या कंपनीच्या नव्या मालात कसे घुसले बे?" आत्या म्हणाली.

आत्याच्या तोंडून 'बे' मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं.

त्याने पैसे घेतले नाहीत. आत्याने जबरदस्तीने त्याच्या टेबलावर ठेवले, अर्थ वायर घट्ट केल्याची मजुरी म्हणून. दहा रुपये.

एवढ्यावर ती थांबली नाही. दुकानाबाहेर पाटी लावली : 'गाडीच्या पार्टवर नाव घालून मिळेल. मोफत.' महिनाभर हंडे-कळश्यांच्या गर्दीत लोक अल्टरनेटर आणि रेडिएटर घेऊन बसायचे. मी गाडीतून खोलून द्यायचे, ती नाव घालायची.

त्याचं गॅरेज ओस पडलं. त्याने माझ्या वडिलांना मध्यस्थीला पाठवलं.

आत्या म्हणाली, "त्याला म्हणावं ये. तुजंबी नाव घालून देते."

लोक मला म्हणाले, पोटावर मारू नये कुणाच्या. मी त्यांना विचारलं, नवरा गेल्यावर महिन्याभरात तिला लुटलं, तेव्हा तुम्ही कुठे होता?

परवा दवाखान्यात, डॉक्टर काय ते बोलून गेल्यावर, मीच म्हणाले, "आत्या, सोडून दे आता. माफ कर त्याला."

तिने मास्क बाजूला केला.

"का म्हनून? मरायलेय मी. त्यो काय सुदरलाय का?"

दम लागला. तरी म्हणाली, "ध्यान ठेव त्याच्यावर."

आज मातीला तो आला होता. पांढरा शर्ट घालून. सगळ्यांना हात जोडत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "लई मोठं मन व्हतं काकूंचं."

मी म्हणाले, "नव्हतं."

आत्या, तू निवांत जा.

इकडचं मी बघते.