अडुळशाची स्वच्छ पानं

राखेचा रंग चुकला होता.

वजन बरोबर होतं. मी पुन्हा करून पाहिलं, तरी तेच आलं. ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी आत. कागदावर ही बॅच आमच्या कंपनीतली त्या वर्षातली सर्वांत चांगली बॅच होती. पण क्रूसिबलमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या त्या छोट्या वाटीत, उरलेली राख पांढुरकी असायला हवी होती. ती हिरवट होती.

अनया, रोहन, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, खोकल्याच्या बाटलीवर हर्बल लिहिलंय, म्हणजे सेफच ना?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल बघत होते. आम्ही वनस्पतींच्या पानांचे अर्क बनवायचो. पानं वाळवायची, पाण्यात उकळायची, गाळायची आणि तो काढा यंत्रात आटवून काकवीसारखा दाट करायचा. हे ड्रम औषध कंपन्यांकडे जात. त्या त्यापासून गोळ्या आणि सिरप करत. माल बाहेर पडण्याआधी त्याची तपासणी करून सर्टिफिकेटवर सही करणं हे माझं काम. माझी सही नसेल तर ड्रम हलत नसे.

हिवाळ्यात आमचा मुख्य माल म्हणजे अडुळसा. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. श्वासनलिका थोडी सैल करायला आणि कफ पातळ व्हायला ते मदत करतं. ते गरोदर बाईला देऊ नये, इतकं ते खरंखुरं औषध आहे. आणि परीक्षानळीत जे दिसतं ते छातीत तसंच्या तसं घडेल असं नाही, हेही लक्षात ठेवा. आमचा अर्क मुंबईच्या एका कंपनीच्या लहान मुलांच्या खोकल्याच्या सिरपमध्ये जाणार होता.

आता राखेचं. अर्क जाळला की शेवटी क्षार आणि माती उरते. राख जास्त, म्हणजे धूळ जास्त. आधीच्या वर्षी आमची राख फार आली होती, कारण पानं आग्रा रोडच्या कडेची होती आणि ट्रकची सगळी धूळ त्यांच्यावर बसलेली. मुंबईच्या कंपनीने माल परत पाठवला. तेव्हा आमचे मालक पाटणकर साहेब यांनी पर्चेस ऑफिसर खैरनारांना बजावलं होतं, "यंदा पान आरशासारखं पाहिजे." आणि यंदा पान खरोखर तसं आलं होतं. पोती उघडली तेव्हा मीही खूश झाले होते.

हिरवट राखेवर मी थोडं ॲसिड घातलं, गाळून घेतलं आणि वरून अमोनिया सोडला. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात ती परीक्षा. तांबं नसेल तर पाणी रंगहीन राहतं. माझ्या नळीतलं पाणी निळं झालं. गणपतीच्या आराशीला लावतात त्या निळ्या कागदासारखं.

आम्ही आलेल्या पानांचा एक नमुना नेहमी बाजूला राखून ठेवत असू. तोही जाळला. तोही निळा.

नळी घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर अर्काची एक छोटी बरणी ठेवलेली होती. ही आमच्याकडची पद्धत. मोसमातल्या पहिल्या बॅचची एकेक बरणी प्रत्येकाच्या घरी जायची. साहेब स्वतः मधात कालवून घेत, नातीला देत, आणि आल्यागेल्याला सांगत, "आम्ही विकतो तेच खातो." लॅबच्या बाहेर टेबलावर सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बरण्या तयार होत्या.

साहेबांनी नळी उजेडात धरली. "छान रंग आहे. काय आहे हे?"

"तांबं, साहेब. आपल्या अर्कात."

"व्हॅसिसिन?"

"भरपूर."

"राख?"

"मर्यादेत."

"मग?"

"अडुळशात एवढं तांबं कुठून आलं?"

त्यांनी नळी खाली ठेवली. "सोमण मॅडम, स्पेसिफिकेशनमध्ये कॉपरची टेस्ट आहे का?"

"नाही."

"गिऱ्हाईकाने मागितली आहे का?"

"नाही."

"उद्या सकाळी टेंपो येतोय. त्यांची लाइन आपल्या मालासाठी थांबलीय. मागच्या वर्षी माल परत आला, यंदा उशीर झाला तर ते आपल्या दारात पुन्हा उभे राहणार नाहीत. जी परीक्षा कोणी विचारलीच नाही, तिच्यात तुम्ही आपल्याला नापास करताय."

खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं नियमाला धरून होतं. मी म्हटलं, "पान कुठून आलं तेवढं बघून येऊ द्या. मग बोलू."

खैरनार माझ्याबरोबर कुरकुरत निघाले. जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, धूळ असली तरी तुम्हाला चालत नाही, नसली तरी चालत नाही. आम्ही पान आणायचं तरी कुठून, स्वर्गातून?"

"स्वर्गातून आणलं तरी मी राख करून बघेन."

"ते माहितीय आम्हाला," खैरनार म्हणाले आणि जीप दिंडोरीच्या रस्त्याला लागली.

पान पुरवायच्या कौसाबाई. स्वतःचा भाजीपाल्याचा तुकडा होता, पण सुगी नसेल तेव्हा गावातल्या बायकांना घेऊन त्या आमच्यासाठी पानं तोडून, सावलीत वाळवून देत. कामाला चोख. आम्ही अचानक आलेलो बघून त्या घाबरल्या.

"बाई, पान खराब निघालं का?"

"पान फार छान आहे, कौसाबाई. इतकं छान कुठे मिळालं ते बघायला आलो."

त्यांचा चेहरा उजळला. "चला की. दाखवते."

त्या आम्हाला गावाबाहेर द्राक्षबागांकडे घेऊन गेल्या. बागांच्या कडेने अडुळशाचं कुंपण होतं. आपल्याकडे अडुळसा कुंपणाला लावतात, कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. कुंपण पुरुषभर उंच होतं आणि पानन्‌पान लखलखत होतं. मी पुढे झाले आणि थांबले. बागेच्या लोखंडी अँगलवर आणि तारांवर निळसर ठिपके होते. एक पान उलटं केलं. वरून लख्ख, पण देठाच्या बेचक्यात तेच निळसर कण.

"इथे धूळ कशी नाही, कौसाबाई?"

"कशी राहील? रोज धुतात ना."

"कुंपण? धुतात?"

"फवारनी झाली का मग टाकी धुत्यात, पाइप धुत्यात, ती गन धुत्यात. ते पानी द्राक्षावर सोडता येत नाय, हिरीजवळ तर नायच नाय. मंग बांधाला उभं राहून कुंपनावर मारत्यात. आमच्या घरची भांडी बी एवढी धुतली जात नाय, बाई."

खैरनार माझ्याकडे बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "हे... वाईट आहे का?"

द्राक्षावर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर सारख्या फवारण्या असतात. डावण्या या बुरशीच्या रोगासाठी तांब्याची, भुरी या दुसऱ्या बुरशीसाठी वेगळी, किडींसाठी आणखी वेगळी. द्राक्ष काढण्याआधी फवारणी थांबवतात, म्हणून फळाला तेवढा अवधी मिळतो. या कुंपणाला असा अवधी कोण देणार? बागेत जे जे मारलं, त्या सगळ्याचं धुवण या पानांवर पडत होतं. तांबं त्यातल्या त्यात सौम्य, आणि रंगामुळे तेवढंच मला दिसलं. किडींची औषधं बिनरंगाची असतात. त्यातली काही पाण्यात सहज उतरतात. आणि आम्ही पानं पाण्यातच उकळतो.

कौसाबाईंना मी सांगितलं, तेव्हा त्या कुंपणाशीच खाली बसल्या. "सायबानीच निरोप धाडला का धूळ नको. आम्ही लांबून चालत येत होतो इथवर. रस्त्याचं पान घराजवळ व्हतं." मग, "आता आमचं पान बंद का?"

खैरनारांनी पुढे होऊन त्यांना हात देऊन उठवलं. निरोप त्यांच्याच हातून गेला होता.

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. ही फवारणीची औषधं मोजायची यंत्रं आमच्याकडे नव्हती. नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला, पण रिपोर्ट यायला आठवडे लागणार होते. मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी खैरनारांकडे पाहिलं. खैरनारांनी होकाराची मान हलवली.

"अंदाज आहे तुमचा," साहेब म्हणाले. "पुरावा फक्त तांब्याचा आहे. आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी लोक रोज पितात."

"तांबं साक्षीदार आहे, साहेब. गुन्हेगार दुसरेच आहेत."

"मॅडम, ही कोर्टाची भाषा नको. आपला अर्क सिरपमध्ये किती थोडा पडतो, ठाऊक आहे ना? थेंबात थेंब. कोणाला काय होणार?"

"कदाचित काही नाही. पण किती आहे तेच माहीत नसताना थोडं आहे असं कसं म्हणू? पिणारी मुलं आहेत."

फोन वाजला. मुंबईचे पर्चेस मॅनेजर. केबिनमध्ये त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. टेंपो निघाला का, नंबर काय, सर्टिफिकेट सोबत येतंय ना. साहेब म्हणाले, "हो, हो, सकाळी निघतोय." फोन ठेवून त्यांनी सर्टिफिकेटचा कागद माझ्यापुढे सरकवला. सगळे आकडे भरलेले होते. सगळे खरे होते.

"यात एक तरी आकडा खोटा आहे का?"

"नाही."

"मग सही करा."

"आकडे खरे आहेत. पण खाली छापलंय, 'औषधी वापरास योग्य.' ते मी म्हणू शकत नाही."

"मी दुसऱ्याची सही घेऊ शकतो. तुम्हाला माहितीय."

"घ्या. फक्त ही निळी नळी त्यालाही दाखवा."

त्यांनी खुर्ची मागे ढकलली. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. मी फार हट्टी आहे, कारखाना चालवणं म्हणजे कॉलेजचं प्रॅक्टिकल नाही, इथल्या पगारावर तीस घरांच्या चुली पेटतात. मी ऐकून घेतलं. तुमच्या आजोबांची सरकारी नोकरी होती, म्हणून आमची चूल माझ्यावर अवलंबून नव्हती. ज्यांची होती ती माणसं दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. हे मला तेव्हाही जड गेलं.

शेवटी साहेब म्हणाले, "सकाळी बघू," आणि बॅग उचलून निघून गेले. मी नाशिक रोडला घरी आले. आजोबांनी विचारलं, नोकरी आहे की गेली? मी म्हटलं, सकाळी कळेल.

सकाळी टेंपो गेटवर उभा होता. ड्रायव्हर चहा पीत होता. ड्रमवर लेबलं लागलेली होती. लॅबच्या बाहेरच्या टेबलापाशी मी थांबले. बरण्या सगळ्या तिथेच होत्या. पॅकिंगच्या मुलींच्या, स्टोअरच्या माणसांच्या, खैरनारांची. एकाही माणसाने आपली बरणी नेली नव्हती. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. खैरनारांनी सांगितलं असावं. किंवा दाराबाहेर ऐकू आलं असावं.

केबिनमध्ये गेले. साहेब माझ्या आधी येऊन बसले होते. समोर सर्टिफिकेट होतं, त्यावर सही नव्हती. आणि त्यांची बरणी कालच्याच जागी होती.

मी म्हटलं, "साहेब, काल बरणी राहिली."

"राहिली नाही," ते म्हणाले. "दारापर्यंत नेली होती. परत आणून ठेवली."

मग त्यांनी फोन ओढला आणि मुंबईचा नंबर फिरवला. "पाटणकर बोलतोय. माल येत नाहीये. नाही, टेंपो नादुरुस्त नाही. मालच नादुरुस्त आहे." पुढचं बोलणं बरंच लांबलं आणि त्यात साहेब फारसे बोलले नाहीत.

मी खाली जाऊन ड्रायव्हरला सांगितलं की गाडी रिकामी जाईल. तो म्हणाला, "मग चहा आणखी एक सांगा."

पुढचं थोडक्यात. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला. त्यात तांब्याखेरीज किडींची दोन औषधं निघाली, मुलांच्या सिरपमध्ये कणभरही असू नयेत अशी. बॅच रीतसर नष्ट केली. मुंबईच्या कंपनीने निम्मी ऑर्डर दुसरीकडे दिली, ती आम्हाला परत कधीच मिळाली नाही. पुढच्या दिवाळीला बोनस नव्हता. काही जण माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. खैरनार बोलले. त्यांनी गावामागची मुरमाड पडीक जागा शोधली, साहेबांनी ती भाड्याने घेतली आणि कौसाबाईंच्या बायकांनी तिथे अडुळशाच्या फांद्या खोचल्या. जवळ रस्ता नाही, बाग नाही. पाऊस पडला की तेवढंच पानाचं धुणं. पानं जरा धुळकट येत. कौसाबाई पोत्याबरोबर निरोप पाठवीत, "बाईंना सांगा, धूळ आपलीच हाय."

आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये तांब्याची टेस्ट आली. त्याहून महत्त्वाचं, पान कुठलं आणि त्याच्या शेजारी काय पिकतं, हे विचारणं आलं.

तर रोहन, तुझ्या बाटलीचं. झाड औषधी असतं हे खरं. पण ते कुठेतरी उभं असतं, आणि त्याच्या शेजारी कोणीतरी काहीतरी करत असतं. बाटलीवर हर्बल लिहिलंय यावरून मला काहीच कळत नाही. पान कुठून आलं आणि कोणी तपासलं, ते लिहिलं असेल तर मला वाचून दाखव. नसेल, तर आल्याचा चहा घे. आलं मात्र धुऊन घे, आणि धुतलेलं पाणी कुठे टाकतोस तेही बघ.