फोटो पाहावा

शवागाराच्या इमारतीत सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं. पण त्याच्या संगणकाचा पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि हा माऊसला हात न लावता नुसता टाइप करत बसलेला. पहिल्याच आठवड्यात शवागारातल्या मामांनी जाहीर करून टाकलं, "पाटीवाले मास्तर आलेत आपल्याकडे. आता मुडदेसुद्धा पास होणार!" नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याआधी अठरा वर्षं तो लग्नाचे फोटो छापणाऱ्या एका लॅबमध्ये होता. नवरीच्या गालावरची पुटकुळी काढायची, सासऱ्याचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून उघडायचे. लॅब बंद पडली तेव्हा इथे कंत्राटावर लागला. कंत्राट दर मार्चमध्ये नवं व्हायचं. होईपर्यंत जीव टांगणीला. काम तसं जुन्याच वळणाचं होतं. बेवारस देह आला की मामा त्याचा चेहरा पुसून, उशाशी क्रमांकाची पाटी ठेवून फोटो काढत. मास्तर तो फोटो सरळ करी, उजेड थोडा वाढवी आणि अंगठ्याच्या नखाएवढा करून बेवारसांच्या यादीत सगळ्यांना पाहता येईल असा इंटरनेटवर चढवी. महिनाभरात कोणी आलं नाही तर देह विद्युतदाहिनीत जाई. मागे उरे एक क्रमांक, डॉक्टरांचा एक कागद आणि फोटो.

पहिला महिना त्याने एकेक फोटो उघडूनच काम केलं. मग घास गिळवेना. बायको एकदा म्हणाली, "हल्ली माझ्याकडे मान वाकडी करून काय बघता? मलाही सरळ करायचंय का?" ती हसली, पण मास्तरला हसता आलं नाही. त्यानंतर त्याने कमांड शिकून घेतल्या. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की शेकडो चेहरे आपोआप वळत, उजळत, लहान होत. कमांडला चेहरे दिसत नाहीत. ती फक्त लांबी-रुंदी बघते. मास्तरचं जेवण पुन्हा सुरू झालं.

पथ्य एकच होतं. मूळ फोटोला हात लावायचा नाही. तो वापरायचा ती मॉग्रिफाय नावाची कमांड नवी प्रत काढत बसत नाही. समोर असेल तो फोटोच बदलते, आणि बदलण्याआधी विचारत नाही. म्हणून दर सोमवारी तो तीन कमांड एका ओळीत लिही. सगळ्या फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर कर, तिकडे जा, तिथले सगळे लहान कर. सहा वर्षांत ती ओळ बोटांत इतकी बसली होती की ती वाचायचीही गरज उरली नव्हती.

एका सोमवारी झाडूवाल्या बाईंनी टेबलामागची जळमटं काढली आणि डिस्कची वायर निघाली. प्रत झाली नाही. तिकडे जाणंही झालं नाही. तिसरी कमांड मात्र थांबली नाही. जिथे होती तिथलेच फोटो तिने लहान करायला घेतले. चूक झाल्याचं सांगणाऱ्या दोन ओळी पडद्यावर आल्या, आणि त्यांच्यामागून एकामागून एक येणाऱ्या अकराशे साठ क्रमांकांनी त्या वर ढकलल्या. मास्तर तेव्हा चहा आणायला गेला होता.

दुपारी साहेब दारातून डोकावले. "मास्तर, सर्व्हरवर जागा केलीत म्हणे! महिनाभर ओरडतोय मी." त्यांनी त्याची पाठ थोपटली.

मास्तरने पडदा मागे सरकवून त्या दोन ओळी वाचल्या. त्याने एक फोटो उघडला. काळ्या पडद्याच्या मधोमध तिकिटाएवढा चेहरा. दुसरा उघडला. तिसरा. दोन वाजता होणारा बॅकअपही होऊन गेला होता. त्यानेही मुकाट्याने जुने मोठे फोटो पुसून त्या जागी हे लहान ठेवले होते.

त्याने कोणाला सांगितलं नाही. मार्च दोन महिन्यांवर आला होता. आणि जुने फोटो मोठे करून पाहायला येतं कोण? अकराशे साठांपैकी सहा वर्षांत नऊजणांचे नातेवाईक आले होते.

दहावी ती आली. चाळिशीची, शाळेचे गणवेश शिवणारी, मोजायची टेप गळ्यात तशीच विसरलेली. तिने फोनमध्ये यादी उघडून चारशे बारा क्रमांकावर बोट ठेवलं.

"हा माझा धाकटा भाऊ असेल. असेलच असं नाही," ती म्हणाली. "दादा, मला मोठा करून दाखवा. हनुवटीवर, त्याच्या डाव्या बाजूला तीन टाके आहेत. लहानपणी मी त्याला हाताला धरून गरगर फिरवत होते. सुटला हातातून, पायरीवर आपटला. माझीच करणी आहे ती, ओळखायला चुकायची नाही मी."

मास्तरने कपाटातून डॉक्टरांचा कागद काढला. 'पाण्यातून काढलेला. अंगावर कपडे नाहीत. ओळखीची खूण: फोटो पाहावा.'

त्याने कागद पालथा ठेवला. "मोठे फोटो दुसरीकडे असतात, ताई. काढावे लागतील. पुढच्या गुरुवारी या."

"येते. चार वर्षं काढली, आठ दिवसांचं काय." ती उठली, पण गेली नाही. "आईचं बघवत नाही हो. दर महिन्याला त्याच्या फोनचं रिचार्ज करते. नंबर बंद पडला तर तो कशावरून फोन करेल, म्हणते. मला तिला एकदाच काय ते सांगायचंय. कर, नाहीतर करू नको."

मास्तर कामाला लागला. कॅमेऱ्याचं कार्ड त्यानंतर शंभरदा पुसून वापरलेलं. पोलिसांच्या फाइलीत छापील प्रत होती, पण तिच्यात चेहऱ्याच्या जागी शाईचा काळा गोळा. शेवटी तो खाली शवागारात गेला.

"मामा, चारशे बारा आठवतो? पाण्यातला. हनुवटीवर टाके होते का हो?"

मामांनी हातमोजे काढले. "मास्तर, मी फोटो काढतो तो विसरता यावं म्हणून. तुमच्याकडे दिला की माझ्या डोक्यातून गेला." मग म्हणाले, "का? तुमच्याकडे आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाला.

दुसऱ्या गुरुवारी त्याने तिला सर्व्हर बंद असल्याचं सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी सकाळी लवकर येऊन त्याने कमांड लिहिली. चारशे बारा सोळापट मोठा कर, खडबडीतपणा घालव, कडा धारदार कर. आणि त्या पहिल्या महिन्यानंतर पहिल्यांदाच एका चेहऱ्याकडे नीट बघत बसला. लहान फोटोत अख्खी हनुवटी पाच-पन्नास ठिपक्यांत मावली होती. मधल्या जागा कमांडने अंदाजाने भरल्या होत्या, तो नवरीचे गाल भरायचा तशाच. आणि हनुवटीवर, त्या माणसाच्या उजव्या बाजूला एक बारीक रेघ उमटली होती. त्याने पुन्हा लहान फोटो पाहिला. तिथे रेघ नव्हती. एक फिका आणि एक गडद ठिपका शेजारी होते, त्यांच्यामध्ये कमांडने धार काढली होती.

फोटो पुसायला त्याने हात उचलला, तेवढ्यात दारात आवाज आला, "दादा, मिळाला?"

ती पडद्याशी वाकली. मग तिचं बोट काचेवर टेकलं.

"खूण त्याच्या उजवीकडे आहे."

तिने मान वळवून मास्तरकडे पाहिलं.

"फोटो उलटा नाही ना?"

"नाही. पाटीवरचा आकडा सरळ आहे बघा." हे खरंच होतं.

"मग हा आमचा नाही!" तिने तोंडावर हात घेतला, पण हसू त्याच्या बाहेर आलं. "दादा, हा आमचा नाहीच. कोणाचा असेल बिचारा…" आणि फोन कानाला लावतच ती बाहेर पडली. "आई, ऐक…" जिन्यावरून आवाज लांब गेला.

मास्तर बसून राहिला. नुसतं बसायचंच तर होतं. ती पुन्हा येणार नव्हती. मार्च निघून गेला असता. पडद्यावर ती रेघ होती, खरीखुरी जखम असावी तशी.

तो उठला. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. ती फाटकाशी उभी राहून बोलत होती, "अगं हो, नक्की! मोठा फोटो पाहिला ना मी. डोळ्यांनी पाहिला."

"ताई, फोन ठेवा."

त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वायर, चहा, शाबासकी, दोन गुरुवारच्या थापा. "ती रेघ माझ्या कमांडने काढलीय. तिथे टाके होते की नव्हते, त्यातून काहीच कळत नाही. मूळ फोटो गेला. मी घालवला."

ती ओरडली नाही. गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"म्हणजे हा तो असू शकतो."

"हो."

"आणि नसूही शकतो."

"हो."

"आणि आता कोणीच सांगू शकत नाही."

त्याने मान हलवली.

"तीन गुरुवार मशीन बंद ठेवून आले मी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर चार शिव्या घातल्या असत्या आणि घरी गेले असते. आज आईला हसवलंत तुम्ही. चार वर्षांनी."

तिच्या हातातला फोन वाजायला लागला. तिने तो वाजू दिला. वाजायचा थांबल्यावर म्हणाली, "लिहून द्या."

"काय?"

"हेच. मी तोंडाने सांगितलं तर तिला वाटेल, मीच काहीतरी लपवतेय. लहानपणी माझ्याच हातून सुटला होता ना."

मास्तरने खिशातला कागद भिंतीवर धरला. हाताने लिहायची सवय मोडली होती, अक्षरं खाली उतरत गेली. 'क्रमांक चारशे बारा. याचा मूळ फोटो माझ्या चुकीमुळे नष्ट झाला आहे. हा आपला मुलगा आहे किंवा नाही, हे आता सांगता येणार नाही.'

तिने दोनदा वाचलं. "नाव घाला खाली. हुद्दा, तारीख."

त्याने घातली.

"आणि शिक्का?"

"शिक्का साहेबांकडे असतो."

"चला मग," ती म्हणाली आणि त्याची वाट न पाहता फाटकापासून परत फिरून जिना चढू लागली. मास्तर तिच्या मागे निघाला.