उठवणारे आप्पा

आप्पांना दुसऱ्याची झोप बघवत नसे. स्वतःला येत नाही म्हणून असेल, असं गल्लीतले लोक चेष्टेनं म्हणत. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, घमापुर या भागाच्या मागच्या अंगाला, जिथे पक्की घरं संपून पत्र्याच्या खोल्या सुरू होतात, तिथे ते रोज पहाटे काठी घेऊन शिरत आणि एकेक दार वाजवत पुढे जात. वस्तीतली पोरं त्यांना ‘भोंपू दादा’ म्हणायची. आम्ही मराठी शेजारी आप्पा म्हणत असू. माझ्या शेजारच्या घरात ते एकटेच राहत. ज्या सरकारी शाळेसाठी ते पोरांना उठवत, तिथेच मी शिकवते, त्यामुळे त्यांनी उठवलेलं सगळं पीक शेवटी माझ्याच पदरात पडे.

आमची शाळा सकाळच्या पाळीची. दुपारी त्याच इमारतीत दुसरी शाळा भरते. वस्तीतल्या आया मात्र त्याच्याही आधी, अंधारातच घराबाहेर पडतात. हिवाळ्यात एक पिकअप गाडी येते आणि त्यांना पनागरकडच्या शेतांत मटार तोडायला घेऊन जाते. बापमाणसं मजुरीच्या शोधात चौकात जाऊन उभी राहतात. मागे रजईत पोरं. आम्ही शिक्षक मंडळी स्टाफरूममध्ये चहा पीत कितीतरी वर्षं बोलत आलो की या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. आवडीनिवडीपर्यंत गोष्ट पोचतच नव्हती. पोरं झोपलेली असत, इतकंच.

आप्पांची उठवण्याची पद्धत अगदी कारखान्यातली होती. जन्मभर संरक्षण खात्याच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेला माणूस. ‘हो, उठलो’ या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दारावर काठी वाजवायची आणि म्हणायचं, “आवाज़ नहीं, पाँव दिखाओ.” मग दाराच्या पडद्याखालून एक पाय बाहेर येई, जमिनीवर टेके, आणि आप्पा पुढच्या दाराकडे वळत. गोलू नावाचा एक बेरकी पोरगा तेवढा एक पाय बाहेर काढून उरलेला सगळा आत झोपलेला राही. हे लक्षात आल्यापासून त्याला दोन्ही पाय दाखवावे लागत. “हा पोट्टा पुढं मोठा साहेब होते पहा,” आप्पा मला सांगत. “आतापासूनच अर्धं काम करून हजेरी लावून राहिला.”

पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटणं, डोक्यावरून हात फिरवणं, चार उपदेशाचे शब्द सांगणं, यातलं आप्पांनी काही केलं नाही. बहुतेक पोरांची नावंही त्यांना धड माहीत नव्हती. ‘निळ्या दाराचा’, ‘बकरीवाल्यांची’ असं ते म्हणत. एकदा शहरातल्या कुठल्याशा मंडळाची दोन माणसं त्यांचा सत्कार करायचा म्हणून घरी आली. मलाही बोलावलं होतं. ते बोलत असताना आप्पांनी इतक्या मोठमोठ्या जांभया दिल्या, की त्यांनी शाल तशीच पिशवीत ठेवली आणि ‘फिर आएँगे’ म्हणून निघून गेले. मी रागावले, तर म्हणाले, “काहून रागावता मास्तरीणबाई? मी खरंच थकून राहिलो. समाजसेवा करणारा माणूस ताजातवाना पाहिजे. मी त्यातला नाही.”

थकल्याचं ते रोजच बोलत. गुडघे दुखत, दम लागे, थंडीत खोकला छातीत घर करून बसे. पुण्याचा मुलगा फोनवर रोज एकच रेकॉर्ड लावी: बाबा, इकडे या. “मग जात का नाही?” असं मी एकदा विचारलं. ते पायरीवर बसून मोजे काढत होते. म्हणाले, “कारखान्यात होतो तवा भोंगा उठवत होता. रिटायर झालो तर ही चहा घेऊन उठवत होती. ही गेली, अन् वर्षभर मी ऊन तोंडावर येईपर्यंत पडून राहत होतो. उठून करू काय, सांगा. मग एक दिवस दूध आणाले गेलो, तर शाळेची घंटा होऊन राहिली अन् एक पोरगी उंबऱ्यावर दप्तराले टेकून झोपलेली. विचारलं, तर म्हणे, उठाने वाला कोई नहीं. म्हटलं, माझंही तसंच आहे बाई.”

ती पोरगी रजनी. तिच्या घरची माणसं कुंडमकडच्या जंगलातल्या गावातून मजुरीला शहरात आलेली. ती शाळेत टिकली आणि आठवीपर्यंत पोचली. तिच्या घरात तिथवर कुणीच गेलेलं नव्हतं. आठवीला आमच्याकडे बोर्डाची परीक्षा असते. बापानं अट घातली होती: पास झालीस तर पुढे शीक, नाहीतर आईबरोबर गाडीत बस. आप्पांना नाव पाठ असलेली ही एकच मुलगी. परीक्षा जवळ आली तसे ते तिच्या दारावर सगळ्यांत आधी काठी वाजवू लागले, तिला पहाटे थोडा अभ्यास व्हावा म्हणून.

गणिताच्या पेपरच्या दिवशी आप्पा उठलेच नाहीत. आदल्या दिवसापासून ताप होता. डॉक्टरनं दिलेलं औषध घेऊन पडले होते, आणि त्या औषधानं त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती अशी गाढ झोप आली. मी कुलूप लावून शाळेला निघाले तेव्हा त्यांचं दार बंद दिसलं. वस्तीतून येऊन परत निजले असतील, असं मला वाटलं. पेपर सुरू झाला, उशिरा येणाऱ्यांची मुदत संपली, फाटक लागलं, आणि त्यानंतर रजनी आली. वेणी सुटलेली, एका हातात पट्टी. केंद्रप्रमुख नियमाचे पक्के. मी दोनदा विनंती केली, त्यांनी दोनदा मान हलवली. फाटकाच्या गजांतून ती मला एवढंच म्हणाली, “मैडम, मुझे लगा अभी रात है. दादा तो आए नहीं थे.”

पत्र्याच्या त्या खोलीला खिडकी नाही. बाहेर धुकं होतं. पोरीनं घड्याळाकडे बघायची सवय कधी लावूनच घेतली नव्हती, कारण आप्पा होते. त्या सकाळी अर्धी वस्ती झोपून राहिली होती. बाकीच्यांचा एक दिवस बुडाला आणि भरूनही निघाला. तिचं वर्ष गेलं.

आप्पा ताप अंगात असतानाच तिच्या बापाकडे गेले. मी बरोबर होते. फेरपरीक्षा असते, मी फी भरतो, हवं तर माझ्या घरी येऊन अभ्यास करू दे, असं सगळं त्यांनी हात जोडून सांगितलं. बाप शिव्या देता तर बरं झालं असतं. त्यानं आप्पांना खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, “दादाजी, आपकी क्या ग़लती. आप तो पराए होकर इतना करते थे. जितना होना था, हो गया.” रजनी चुलीपाशी पाठ करून बसली होती.

तरीही आप्पा जात राहिले. बाकीची दारं वाजवून झाली की ते रजनीच्या दारापाशी थांबत. एका सकाळी परत येऊन माझ्या पायरीवर बसले ते बराच वेळ उठेनात. चहा पुढे केला, तो निवला. मग म्हणाले, “आज ती बाहेर आली. डोक्याले फडकं बांधून. म्हणते, दादा, यहाँ मत खटखटाया करो, मैं अब आपसे पहले उठ जाती हूँ.” काठी भिंतीला टेकवत म्हणाले, “कामाले जायचं तर आपोआप जाग येते पोट्टीले.” एवढं बोलून ते घरात गेले. त्यानंतर हा माणूस झपाट्यानं खचत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. काठी तीच होती, पण दारावर तिचा आवाज होईना. गोलू तर उघड घोरत पडून राही.

पावसाळ्यानंतर मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. स्टेशनवर मी गेले होते. वस्तीतलं कुणी आलं नाही. गाडी पहाटेची होती आणि उठवणाराच निघून चालला होता. आप्पा खिडकीशी बसून माझ्याकडे न बघता म्हणाले, “सवय लावायला नको होती मी.” मी म्हटलं, असं काय बोलता आप्पा.

त्यानंतर वर्ग रिकामे पडले, तेही अपेक्षेप्रमाणे. मी स्वतः पहाटे वस्तीत जाऊन दारं वाजवून बघितली, पण माझ्या घरी सासूबाई अंथरुणावर. दोन-तीन दिवसांत माझा जीव मेटाकुटीला आला. मग मटारचा हंगाम लागला. एका सकाळी शाळेत पोचले, तर फाटकाबाहेर पोरं एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपलेली. गोलूसुद्धा. शाळा भरायच्या कितीतरी आधी, अंधारातच आलेली. “किसने उठाया रे तुमको?” मी विचारलं. डोळे न उघडता गोलू म्हणाला, “रजनी दीदी. गाड़ी में बैठने से पहले सबके दरवाज़े पीटती है. बहुत मारती है मैडम.”

मी तिला गाठलं आणि समजावलं, की इतक्या लवकर नको, लहान लेकरं आहेत, थंडी आहे. ती म्हणाली, “मेरी गाड़ी तो तभी आती है, मैडम. मेरे जाने के बाद कौन उठाएगा?” मी म्हटलं, बरं.

म्हणून आता सासूबाईंचं त्याआधीच उरकून मी अंधारातच येऊन शाळा उघडते. पोरं दप्तर उशाला घेऊन वर्गात झोपतात, मी खुर्चीत शाल ओढून बसते आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांना हलवते. अंग मोडून येतं. आप्पांच्या जांभया आता मला कळतात. थोड्या वेळानं बायकांनी भरलेली पिकअप फाटकावरून जाते. रजनी मागच्या बाजूला दांडा धरून उभी असते आणि सगळी पोरं शाळेत आली का, हे बघते. मी हात वर करते. शाळेत न येता, खाजगी विद्यार्थी म्हणून आठवीच्या परीक्षेला बसशील का, असं तिला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती हसली. तिसऱ्यांदा विचारायचंय. पण तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते.