वरच्या ओळीची भीती

मी मुळात भित्री नाही. पाल दिसली तर झाडू घेऊन मागे लागते, भाडेकरूंशी भांडते, आणि ठाणे स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांना मीटर टाकायला लावते. पण गेल्या हिवाळ्यात एका गाण्याच्या एका ओळीने माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं. ओळ मला गायची नव्हती. बाईंना गायची होती.

बाईंचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. नुसतं 'बाई' म्हटलं की कळतं. त्यांनी ऐंशी केव्हाच ओलांडली, आणि आवाज मात्र अजून तसाच, असं सगळे म्हणतात. आम्हीही म्हणायचो. एखाद्याने 'आता थोडा थकलाय हं' म्हटलं की ह्यांचा चेहरा असा व्हायचा, की तो बिचारा चहा अर्धा टाकून उठायचा.

हे म्हणजे माझे यजमान. ठाण्यातल्या बाळकुमचे, अस्सल. घरची भातशेती होती, तिथे आता टॉवर आहेत आणि त्यातल्याच एकात आम्ही राहतो. मी डोंबिवलीच्या नोकरदार घरातली. मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी बाजूला ठेवून ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाईंचं कुठलं गाणं आवडतं?" मी सांगितलं ते नेमकं ह्यांचंही निघालं. झालं, लग्न ठरलं. आई नंतर म्हणाली, मुलाने स्वयंपाक विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही, हा काय संसार करणार! केला हो, चांगला केला.

तर ते गाणं. सासरी निघालेल्या बहिणीचं. शेवटच्या कडव्यात एक ओळ खालून उठते आणि चढत चढत अशी वर जाते की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये दर रविवारी आठ-दहा जण जमतात आणि बाईंच्या रेकॉर्ड ऐकतात. नियम कडक. ऐकताना बोलायचं नाही, गुणगुणायचं तर अजिबात नाही. जो गुणगुणेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना बटाटेवडे आणायचे. इतकी वर्षं ऐकून ह्यांना ते गाणं श्वासासकट पाठ. त्या ओळीच्या आधी बाई एकदा श्वास घेतात आणि मग मध्ये कुठेही न थांबता सरळ वर. ह्यांची मानही तेव्हा आपोआप वर जायची.

मग ह्या मंडळींना शहाणपणा सुचला. बाईंचा सत्कार करायचा आणि सोबत त्यांचं गाणं. ठाण्यात, रविवारी सकाळी, मोठ्या नाट्यगृहात. बाई चक्क हो म्हणाल्या. आठवडाभर हे हवेत होते. आणि एक दिवस मोबाइलवर तो व्हिडिओ आला.

कुठल्याशा गावातल्या समारंभात बाई गात होत्या. वरच्या सुराला आवाज चिरकला, चांगलाच चिरकला. खाली लोकांनी काय काय लिहिलेलं! 'आजी, आता आराम करा.' 'कुणीतरी माईक काढून घ्या रे.' वर हसणारी तोंडं. ह्यांनी तो व्हिडिओ एकदाच पाहिला आणि फोन उलटा ठेवला. जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "अगं, आपल्या कार्यक्रमात असं झालं तर? आपणच बोलावलंय त्यांना. आपण त्यांचं हसं करायला बोलावलंय."

मी म्हटलं, "मग त्यांना सांगा, ते एक गाणं नको."

"कोण सांगणार? तू?"

कोण सांगणार! क्लब हाउसमध्ये तासभर चर्चा झाली. शेवटी बाईंच्या पेटीवाल्यांना फोन केला, की पट्टी जरा उतरवता येईल का. ते म्हणाले, "बाई पट्टी उतरवत नाहीत. त्यांना विचारूसुद्धा नका, मला ओरडा बसेल." तेव्हा आमच्या साउंडवाल्याने तोडगा काढला. जुन्या रेकॉर्डमधली तेवढी एकच ओळ तो वेगळी काढून ठेवणार. बाईंचा आवाज डळमळला की त्यांचा माईक हळूच खाली आणि रेकॉर्ड वर. "तालात थोडं मागेपुढे होईल, पण पब्लिक टाळ्या वाजवतं त्या ओळीला. झाकून जाईल." इशारा कुणी द्यायचा? ज्याला ते गाणं सगळ्यात जास्त पाठ आहे त्याने. म्हणजे ह्यांनी. पांढरा रुमाल वर करायचा.

मला ते पटलं का? खरं सांगते, पटलं. बाईंना कुणी हसलेलं मला बघवलं नसतं. मीच रुमाल इस्त्री करून ह्यांच्या खिशात घातला.

हॉल फुल्ल. कोपरीची मंडळी, कल्याण-डोंबिवलीहून आलेली कुटुंबं, ह्यांच्या भावकीतल्या बायका ठसठशीत नथी घालून पुढच्या रांगांत. बाई आल्या त्या दोघींच्या आधाराने. एवढीशी मूर्ती. खुर्चीत टेकवलं तर पाय जमिनीला पुरेनात, खाली पाट द्यावा लागला. म्हटलं, देवा, हिच्यात आवाज ठेवलायस कुठे?

पण गायल्या हो! पहिली दोन-तीन गाणी अशी गायल्या की ह्यांनी रुमाल हातातून मांडीवर ठेवला. आवाज जरा खरखरीत, खालच्या अंगाला झुकलेला, पण शब्द कसे समोर आणून ठेवल्यासारखे. मागची एक बाई म्हणाली, "अगदी तसाच आहे नाही आवाज!" तसाच नव्हता. मला तर हाच जास्त जवळचा वाटत होता, पण हे कुणाला बोलण्याची सोय नव्हती.

मग ते गाणं सुरू झालं आणि अख्ख्या हॉलचं अंग आखडलं. थट्टा नाही, मला दिसत होतं. शेजारच्या गृहस्थांनी खुर्चीचा हात धरलेला. व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिला होता. आणि अंधारात एकेक करून मोबाइल वर येत होते. हे मेले कशासाठी वर करताहेत, चिरकलं तर पकडायला? ह्यांनी रुमाल मुठीत घेतला.

शेवटचं कडवं आलं. बाईंनी श्वास घेतला, ओळ उचलली. चढल्या, आणखी चढल्या, आणि वरच्या सुराच्या तोंडाशी येऊन थांबल्या.

रेकॉर्डमध्ये तिथे थांबणं नाही. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. पण ह्यांना कळलं. मी हात धरेपर्यंत रुमाल वर गेला होता.

आणि बाईंचा तरणा आवाज हॉलमध्ये घुसला. लख्ख, धारदार, एकाही सुरकुतीशिवाय. त्याच क्षणी बाईंनीही सूर लावला होता; त्यांचे ओठ उघडलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, पण माईक बंद. पुढच्या रांगेत आम्हाला तो नुसता, माईकशिवायचा, तेवढा पुसटसा ऐकू आला. तो चिरकलेला नव्हता. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाईंनी तोंड मिटलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा. इतकं भ्यालेलं माणूस मी कधी पाहिलेलं नाही. तबला थांबला, पेटी थांबली, रेकॉर्डची ओळ मात्र संपेपर्यंत वाजत राहिली. टाळ्या हळूहळू विरल्या. लोकांना उमगलं काय झालं ते.

मला वाटलं उठून जातील. उठल्या नाहीत. माईकवर बोट आपटून पाहिलं, साउंडवाल्याने घाईघाईने तो चालू केला, आणि पेटीवाल्यांना म्हणाल्या, "शेवटचं कडवं." पुन्हा गायल्या. पुन्हा त्याच जागी थांबल्या, मग वर गेल्या. ह्या वेळी सूर मात्र कापला, थोडासा फाटलाही. कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही, सगळे नुसते बसून राहिले.

कार्यक्रमानंतर हे मला घेऊन मेकअप रूममध्ये गेले. मी म्हटलं, "साउंडवाल्याची चूक म्हणून सांगा." ऐकतील तर शपथ. बाई लिंबू घातलेलं कोमट पाणी पीत बसल्या होत्या. ह्यांनी सरळ त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी केलं बाई. मीच इशारा दिला. तुम्हाला कुणी हसू नये म्हणून."

"उठा," बाई म्हणाल्या. "मला वाकून उठवता येत नाही."

हे उठले. साठी उलटलेला माणूस, डोळे वाहत होते. बाईंनी पेला खाली ठेवला.

"मी सूर लावला आणि माझा मलाच ऐकू येईना," त्या म्हणाल्या. "आणि वरून मीच गाताना ऐकू आले. वाटलं, गेले मी. खुर्चीतच गेले. मेल्यावर हेच लावणार ना तुम्ही, चौकाचौकांत?"

बाईंनी पेला पुन्हा उचलला, एक घोट घेतला.

"लावा. तेव्हा हेच लावा, चांगलं गायलंय मी ते," बाई म्हणाल्या. "पण आज मी आले होते ना हो?"