चर्चबाहेर उभे राहणारे बाची

पीएचडी करताना अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी ज्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली, ते घर एका हंगेरियन कवीचं होतं. साठी उलटलेले, उंच, जरा वाकलेले, एकटेच राहायचे. वयानं मोठ्या माणसाला आम्ही काका म्हणतो, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे बाची म्हणतात. तू तेच म्हण." आईनं नागपूरहून फोनवर विचारलं, "घरमालक कसे आहेत रे?"

"कवी आहेत. एकटे असतात."

"जेवतात ना वेळेवर?" एवढीच तिची चौकशी.

तरुणपणी बाची हंगेरीतल्या त्यांच्या गावच्या चर्चमध्ये बायबल शिकवायचे. आपलं प्रेम पुरुषांवर जडतं, हे त्यांनी एका कवितेत लिहिलं आणि ती कविता स्वतःच चर्चच्या सभेत वाचली. लगेच त्यांचं काम गेलं. "देवानं नाही काढलं मला," कांदा चिरता चिरता ते सांगायचे, "कमिटीनं काढलं." मग आपल्यासारख्यांना जमवून ते कुणाकुणाच्या घरी प्रार्थना घेऊ लागले. त्यांच्यातल्या एकानं जीव दिला, तेव्हा पाद्री आला नाही. मूठमाती देताना बाचींनीच प्रार्थना म्हटली. त्या माणसाबद्दल ते अजूनही असे बोलायचे, जसा काही तो शेजारच्या खोलीत बसलाय.

पुढे ते अमेरिकेत आले, तर स्टेट कॉलेजमधल्या एका मोठ्या चर्चनंही त्यांना 'आधी पश्चात्ताप करा, मग या' असं सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी ते बाहेर फुटपाथवर पाटी धरून उभे राहायचे: 'मला तुमच्यासोबत प्रार्थना करायची आहे.' बर्फात बसचा भरवसा नसायचा, म्हणून मी त्यांना ड्राइव्ह करून सोडायचो.

एका हिवाळ्यात, मी त्यांना थर्मासमधली कॉफी द्यायला गाडीतून उतरलो होतो, तेव्हा चर्चमधून एक बाई थेट आमच्याकडे आली. कोटाची बटणंही तिनं लावली नव्हती.

"माझा मुलगा तुमच्यासारखा होता," ती म्हणाली. "मी त्याला घराबाहेर काढलं. आता तो या जगात नाही. तो नरकात असेल का?"

बाचींनी पाटी खाली टेकवली. मग म्हणाले, "नरकाचं मला काही माहीत नाही. त्याचं नाव सांगा."

तिनं सांगितलं. बाचींनी ते हळूच उच्चारलं, पुन्हा एकदा उच्चारलं. ती रडली नाही. पार्किंग रिकामं होईपर्यंत त्यांच्या शेजारी नुसती उभी राहिली. पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये गेलीच नाही, सरळ फुटपाथवर आली.

बाचींनी त्या मुलावर कविता लिहिली, हंगेरियनमध्ये. ती बाई आमच्या स्वयंपाकघरात बसून एकेक ओळ पाठ करायची. मी म्हणालो, "इंग्लिशमध्ये करून द्या ना तिला."

"अर्थ ठाऊक आहे तिला," बाची म्हणाले. "तिला अशी भाषा हवी आहे, जिच्यात ती त्याला कधी वाईट बोलली नाही."

पानगळीत बाचींच्या कॅन्सरचं निदान झालं आणि थंडी सरायच्या आत ते गेले. चर्चनं हॉल दिला नाही. दफनभूमीतच चार माणसं जमली. हंगेरीतली त्यांची बहीण व्हिडिओवर होती, फोन मी धरला होता. ती बाई कविता म्हणू लागली. "उच्चार सगळे चुकताहेत," बहीण पुटपुटली. मी फोन बाजूला घेऊ लागलो, तशी म्हणाली, "नको. म्हणू दे तिला."

आता मी दुसऱ्या राज्यात, कॅरी नावाच्या गावात नोकरी करतो. रविवारी एखाद्या चर्चसमोर उंच, वाकलेलं कुणी दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. परवा त्या बाईचा फोन आला होता. ती अजून त्याच फुटपाथवर उभी राहते. पाद्री कधीतरी बाहेर येऊन दोन शब्द बोलतो, आणखी काही बदललेलं नाही.

"बाजूला कुणीतरी आहे असं वाटतं मला," ती म्हणाली. "मग मी जरा सरकून जागा करते."

मी म्हणालो, "करत जा."