कानांची ड्युटी

आमच्या आईचे कान शिवायला नेले, तेव्हा शिवलेल्या कानात लगेच काही घालता येत नाही हे आमच्या अख्ख्या सुशिक्षित घराण्यात कोणालाही माहीत नव्हतं.

उजव्या कानाची पाळी फाडण्याचं श्रेय माझं. मी जेमतेम बसायला लागले असताना आईच्या कानातला झुबा धरून अशी काही लोंबकळले, की झुबा माझ्या मुठीत आणि पाळीच्या दोन चिंध्या! (आई म्हणते, "तवाच ओळखलं, ही पोरगी हाती लागलेलं सोडायची नाय.") डावा कान मात्र आपल्या कर्मानं ओघळला. आई मखमलाबादच्या मळेवाल्यांची लेक. नवरीला मान वर करता आली तर बापानं सोनं कमी घातलं, असा त्यांच्याकडचा हिशोब. त्या कानाचं भोक इतकं लांबलं होतं की पुढून काही घातलं की खालून सरळ पदरात. त्यामुळे आईच्या एकूण एक फोटोत पदर कानावरून घट्ट ओढलेला असायचा.

बाबा एकलहऱ्याला थर्मल वीज केंद्रात ऑपरेटर होते. सगळी नोकरी मशीनच्या धडधडाटात गेल्यामुळे घरातलं गुपितही ते असं सांगत की शेजारणीनं सल्ला द्यावा! रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं आईसाठी मोत्याच्या कुड्या आणल्या.

"अहो, घालू कुठं? नाकात?" आई म्हणाली.

"कान शिवून घेऊ की!"

"शिवायला ती काय गोधडी आहे?"

झालं! कुड्या डबीत, डबी कपाटात, आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. तशीच काही वर्षं गेली.

मग बाबांच्या फुफ्फुसांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. दिवाळीच्या फराळाला यंदा एक माणूस कमी धरा, असं काहीसं त्याचं तात्पर्य. मी दोघांनाही गंगापूर रोडला माझ्याकडे घेऊन आले. एके दुपारी आई डोळा लागून पडली होती, तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावलं आणि त्यांच्या मते कुजबुजत (म्हणजे खालच्या मजल्यापर्यंतच ऐकू जाईल अशा बेतानं) म्हणाले, "बेबी, त्या कुड्या तुझ्या आईच्या कानात एकदा बघायच्यात. बाकी काही राहिलं नाही बघ माझं."

मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि भांडी घासत रडले. भांडी आधीच घासलेली होती. संध्याकाळी कॉलेज रोडच्या एका सर्जनकडे फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली, "कानाच्या पाळ्या ना? किरकोळ काम आहे, सरळ घेऊनच या." आम्ही सरळ घेऊनच गेलो. जास्तीचं काही विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

या वेळी गोधडीचं नावही न काढता आईनं कुड्यांची डबी बाबांच्या हवाली केली. निघताना तिनं दोन लुगडी, चादर, थर्मास आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण असं सामान बांधलं.

"आई, अर्ध्या तासाचं काम आहे!"

"तुझ्या वेळी पण सुईण असंच म्हणली होती."

बाबा म्हणाले, मीपण येणार. काठी टेकत, दर चार पावलांना धापा टाकत ते दवाखान्यात शिरले, आणि तिथल्या नर्सनं एक नजर टाकून ओळखलं की पेशंट कोण! "आजी, तुम्ही बाकावर बसा," असं म्हणून तिनं बाबांना दंडाला धरून आत नेलं. मी रिसेप्शनवर नाव-पत्ता सांगून वळते तो आतून गर्जना, "अहो बाई, माझे कान शाबूत आहेत!" धावत गेले. बाबा हिरव्या झग्यात टेबलावर, आणि नर्स त्यांच्या कानाला कापसानं औषध फासतेय.

अदलाबदल झाली. आई टेबलावर चढली.

"भूल फक्त कानाला देणार," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी मी जागीच? माझ्या डोळ्यांदेखत कापणार?"

"आजी, स्वतःचा कान कोणाला दिसतो?"

आईला ते पटलं. बाबांना बाहेर बसवलं तर त्यांच्या आवाजानं बाकीचे पेशंट पळतील, म्हणून डॉक्टरांनी त्यांनाही आत कोपऱ्यात स्टूल दिलं आणि मला दाराशी उभं केलं. उजवा कान शिवून झाला. डॉक्टरांनी शेवटचा टाका कापला, तसे बाबा उठले आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून डबी काढली.

"डॉक्टरसाहेब, ही उजवीकडची. हातासरशी घालूनच द्या."

डॉक्टर हसले. "आजोबा, आता तीन महिने तरी कानात काही घालायचं नाही. पाळी पक्की जुळू दे. मग टाक्याच्या जरा बाजूला नवीन भोक पाडायचं."

नर्सच्या हातातला ट्रे वाजला. तीन महिने! मी समोरच्या भिंतीवरचं कानाचं चित्र बघत राहिले. आतला कान, मधला कान, बाहेरचा कान... सगळं वाचून काढलं. बाबांकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

टेबलावरून आईचा आवाज आला. "डॉक्टर, मग डावा राहू द्या. शिवू नका."

"अहो आजी, त्यातून कुडी खाली पडेल."

"पडंना! मी हातानं धरून बसते. ह्यांना एका कानात तरी दिसंल."

डॉक्टर सुई हातात धरून थांबले. त्यांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं, पण माणूस हुशार होता. ते बाबांकडे बघू लागले.

बाबांनी डबी मिटली आणि खिशात टाकली. "दोन्ही शिवा," ते म्हणाले. "एका कानाची बायको घेऊन मी काय करू? तीन महिने मी कुठं जातोय!" आणि ते हसले. हसता हसता खोकला आला, खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खोकल्याचंच आहे असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

घरी आल्यावर मी माझं डोकं चालवलं. डॉक्टरांनी पाळीला इवलीशी पट्टी लावली होती. एवढ्यानं काय होतंय, म्हणून मी आईच्या डोक्याभोवती, हनुवटीखालून, चांगलं जाडजूड बँडेज गुंडाळलं. (प्रथमोपचारात मला शाळेत बक्षीस होतं.) आता बाबांना बघायला मोसंबी आणि नारळपाणी घेऊन येणारं प्रत्येक माणूस दारातच थबकायचं.

"अगंबाई! वहिनी, काय हो हे?"

"काय नाय, जरा ऑपरेशन झालं."

"डोक्याचं?"

मोसंबी आईच्या हातात पडायची, नारळ आईला फुटायचा, आणि सगळा घोळका आईच्या कॉटभोवती. आईला कान झाकल्यामुळे ऐकू यायचं नाही, ती सगळ्याला मान डोलवायची, त्यामुळे काळजी आणखी वाढायची. आणि बाबा? खूश! किती दिवसांनी लोक त्यांच्याकडे बघून 'च्च च्च' करत नव्हते. उलट, "धीर धरा हो," असं त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगत होते, आणि तेही धीर धरल्याचा चेहरा करत होते.

माझं बँडेज डॉक्टरांनी बघितलं, दोन्ही हात जोडले आणि काढून टाकलं. आता मलम लावायचं होतं, सकाळ-संध्याकाळ. मी ट्यूब उघडली तर बाबांनी हात पुढे केला. "आण इकडे. ही माझी ड्युटी."

जो माणूस पाणी प्यायलाही उठत नव्हता, तो सकाळी उठून, हात धुऊन, चष्मा लावून तयार! बोटाच्या टोकानं मलम लावायचं, बॅटरीचा झोत टाकायचा, आणि पूर्वी प्लांटवर रीडिंग घेत तसं ओरडायचं, "डावा कान, सूज नॉर्मल! उजवा कान, लाली किंचित!"

"अहो हळू! शेजारी ऐकतात."

"ऐकू दे. त्यांच्या बायकांचे कान कोण बघतं?"

आई लाजायची. साठीला टेकलेली आई नव्या नवरीसारखी लाजलेली मी तेव्हा बघितली, आणि पुन्हा नळ सोडायला स्वयंपाकघरात गेले. त्या महिन्यात आमचं पाणी लय वाया गेलं.

टाके निघाले. बाबांनी आईला खिडकीशी बसवलं, पदर मागे सारला आणि नुसते बघत राहिले. कानात काहीच नव्हतं.

"लग्नात पाळ्या अशाच होत्या," ते म्हणाले. या वेळी मात्र खरोखर हळू आवाजात. मला जेमतेम ऐकू आलं.

तीन महिने भरायच्या आधीच बाबा गेले.

दिवस-कार्य झालं. पुढे डॉक्टरांनी कान बघून सांगितलं, झकास जुळलेत, आता टोचायला हरकत नाही. आईनं मान हलवली. "आता कशाला? बघणारा थांबला का?" मी तिला घेऊन घरी आले.

मग एका सकाळी आई स्वतःच चपला घालून दारात उभी. हातात डबी. "चल सराफात. त्यांनी रोज मलम लावलं, ते वाया घालवू का? लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

सराफ बाजारातल्या म्हाताऱ्या सोनारानं आईच्या पाळ्या चाचपल्या, पेनानं ठिपके काढले आणि सोन्याची बारीक तार बाहेर काढली. "कुड्या नंतर. आधी तार. जखम भरायला वेळ द्यायचा, अजून थोडं थांबायचं, आजी."

"थांबते की," आई म्हणाली. "आता मला कसली घाई?"

तार आरपार गेली. आईनं 'स्स'सुद्धा केलं नाही. दुकानात ती भली मोठी किंकाळी फुटली, ती माझी. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली, पण माझं रडं काही आवरेना. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. सोनारानं गल्ल्यामागचा डबा उघडला. लहान पोरांचे कान टोचल्यावर द्यायला ठेवलेलं गूळ-खोबरं त्यानं काढलं आणि आईला ओलांडून, चाळिशीच्या घोडीच्या, म्हणजे माझ्या हातावर ठेवलं.